पाणबुड्याचा नातू

आमच्या ऑफिसात पोहता न येणारे निदान अकरा जण होते. त्यांतल्या एकाच्याच मनगटावर पाणबुड्याचं घड्याळ होतं, आणि माझ्या नशिबाने तोच माणूस माझा वरिष्ठ होता, त्या ऑफिसातला दुसरा मराठी माणूस होता आणि माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहत होता. तिन्ही बाजूंनी वेढा पडल्यावर माणूस शरण जातो, तसा मी गेलो.

ऑफिस केंद्र सरकारचं, कलकत्त्यात खिदिरपूरला, गोदीच्या भिंतीला लागून. घर बेहालाला, एका जुन्या दुमजली वास्तूत. खाली पुढच्या बाजूला मी, वर ते आणि मागच्या बाजूला मालकीणबाई. वरिष्ठांचं कुटुंब अकोल्याला होतं, माझं अजून व्हायचं होतं. ऑफिसात त्यांना 'सर' म्हणायचं आणि घरी 'काका', असा त्यांचाच हुकूम होता. मधल्या बसमध्ये काय म्हणायचं हे ठरलेलं नव्हतं, त्यामुळे बसमध्ये मी गप्पच बसायचो.

घड्याळ दिसायला दांडगं. काळी तबकडी, अंधारात चमकणारे ठिपके, जाड स्टीलचा पट्टा आणि तबकडीभोवती मिनिटांचे आकडे कोरलेलं फिरतं कडं. किंमत मात्र पगारदार माणसाला झेपेल अशी. "याच्यात सेल नाही," पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं होतं. "रोज चावी द्यायची भानगड नाही. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि घड्याळ आपली चावी आपण देतं. ऑटोमॅटिक! माणूस चालतोय तोवर घड्याळ चालतं."

अडचण एवढीच होती की काका फारसे चालत नसत. ते सकाळी दहाला खुर्चीत बसले की साडेपाचला उठत, आणि मधल्या काळात त्यांच्या शरीराचा हलणारा भाग म्हणजे सही करणारा उजवा हात. घड्याळ डाव्या हातात. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी ते बंद पडे. काका 'बंद पडलं' म्हणत नसत. "विश्रांती घेतंय," म्हणत.

विश्रांती टळावी म्हणून त्यांनी डाव्या हाताला कामं नेमून दिली होती. चहा ढवळायचा तो डाव्या हाताने, साखर नसली तरी ढवळायचा. बोलताना डावा हात गोल फिरवायचा. एकदा वरच्या साहेबांसमोर बैठक चालू असताना काकांनी असा हात फिरवायला सुरुवात केली, आणि नव्याने रुजू झालेला एक कारकून आपल्यालाच पुढे बोलावताहेत असं समजून उठून उभा राहिला. काकांचा हात थांबेना, कारकून पुढे पुढे येत राहिला, आणि शेवटी साहेबांच्या टेबलापाशी येऊन थांबला. साहेबांनी विचारलं, "येस?" त्या बिचाऱ्याने भीतीने रजाच मागून टाकली, आणि ती मंजूरही झाली.

कड्याचं प्रकरण निराळं. पाणबुड्या पाण्यात उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो, म्हणजे आपल्याला खाली किती वेळ झाला आणि हवा किती उरली हे त्याला कळतं. काकांनी ही सोय कोरड्या जमिनीवर आणली. कुणी भेटायला आलं की काका कडं फिरवत. कट्‌कट्‌कट् असा बारीक आवाज व्हायचा आणि पाहुण्याला समजायचं की आपली हवा मोजायला सुरुवात झाली आहे. मी लग्नाच्या मुली बघायला रजा मागितली तेव्हा त्यांनी कडं लावून मला बाजू मांडायला सात मिनिटं दिली. साडेचार मिनिटांत माझं सांगून संपलं. उरलेली अडीच मिनिटं आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत बसलो, कारण वेळ नेमून दिलेला होता.

"हे कडं एकाच बाजूला फिरतं," ते समजावून सांगत. "का? तर चुकून धक्का लागला, कडं सरकलं, तर पाणबुड्याला वाटावं की जास्त वेळ झाला. मग तो लवकर वर येईल. उलट्या बाजूला फिरलं असतं तर त्याला वाटलं असतं अजून वेळ आहे, आणि मेला असता. चूक झाली तरी ती जीव वाचवणाऱ्या बाजूलाच व्हायला हवी. समजलं?"

मला समजलं होतं. मी दिवाळीला घरी निघालो तेव्हा याच तत्त्वावर त्यांनी मला गाडीच्या चार तास आधी हावड्याला नेऊन बसवलं. तेही फेरीने पाच मिनिटांत नदी ओलांडून नव्हे, तर पुलावरून बसने, एक तास अडकून. फेरीबोटीला त्यांचा तात्त्विक विरोध होता. त्यामागचं तत्त्व असं, की ती पाण्यावरून जाते. गोदीत एखाद्या जहाजावर चढून तपासणी करायची वेळ आली की ते म्हणत, "कागद इकडे मागवा. जहाज कागदात असतं तसंच बाहेर असतं." अठ्ठावीस वर्षं नोकरी बंदरांच्या खात्यात झाली, पण त्यांच्या चपलेला कधी खारं पाणी लागलं नव्हतं.

आणि अशा माणसाचं घराणं होतं आरमारातलं. निदान त्यांच्या म्हणण्याप्रमाणे. खापरपणजोबा कोकणच्या किनाऱ्यावर लढाऊ गलबतावर होते, श्वास रोखून शत्रूच्या गलबताखालून जात आणि तळाला भोक पाडून परत येत. पुढे घराणं अकोल्याला कसं पोचलं, तिथे कुठल्या गलबताला भोक पाडायचं राहिलं होतं, हे कधी स्पष्ट झालं नाही. "अकोल्यात नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं रे," एकदा ते जरा हळवे होऊन म्हणाले. "पोहायला शिकणार कशात? पिंपात?"

एकदा त्यांच्या कपाटात घड्याळाची मूळ पुस्तिका माझ्या हाती लागली. मी वाचली आणि मला दुष्ट आनंद झाला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हे घड्याळ शंभर मीटरपर्यंतचा पाण्याचा दाब सोसतं, पण बुडी मारण्यासाठी ते वापरू नये. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. या घड्याळाचे पूर्वज अस्सल पाणबुड्यांचे होते, त्यांची बाजूची चावी पाणी शिरू नये म्हणून आट्यांनी घट्ट फिरवून बसवायची असे. पुढच्या पिढीत रूप तेच ठेवलं, कडं ठेवलं, ठिपके ठेवले, चावीच्या आट्या मात्र काढून टाकल्या आणि नाव दिलं 'स्पोर्ट्‌स'. म्हणजे पोशाख सगळा पाणबुड्याचा आणि बुडायची मनाई.

काका जराही डगमगले नाहीत. "आजोबा पाणबुडे होते ना? मग झालं. नातवाने काय दर वेळी बुडूनच दाखवायचं?"

हे ते घड्याळाबद्दल बोलत होते की आणखी कुणाबद्दल, हे मी विचारलं नाही. कारण कडं फिरल्याचा आवाज मी ऐकला होता.

आता मालकीणबाईंकडे वळतो. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने चिमणीएवढ्या, सगळी गल्ली त्यांना माशीमा म्हणे. माशी म्हणजे मावशी. आमच्या कारकुनाने हे समजावून सांगेपर्यंत मी हा शब्द जपून वापरत होतो. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मुलगा बंगळूरला. घरामागे पुकुर, म्हणजे आपल्याकडचं लहान तळंच, आणि त्याला दगडी पायऱ्यांचा घाट. माशीमांच्या सासूने फाळणीत पलीकडून येताना पदरात बांधून आणलेला पितळेचा गोपाळ होता, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. रोज सकाळी त्याला घाटावर आंघोळ घालायची, घरी आणून नैवेद्य दाखवायचा आणि मगच स्वतःच्या तोंडात काही घालायचं, हा त्यांचा पन्नासएक वर्षांचा नेम. बोलताना त्या त्याचा उल्लेख घरातल्या लहान मुलासारखा, 'बाकीचे झोपलेत, हा एकटाच उठलाय' अशा थाटात करत.

आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात माशीमांनी चहाला बोलावलं होतं. काकांच्या मनगटाकडे बघून त्यांनी विचारलं, एवढं मोठं काय बांधलंय? बंगालीत घड्याळाला 'घोडी' म्हणतात, हे पचायला मराठी माणसाला वेळ लागतो. पण काका अभ्यास करून आले होते. पाणबुड्या म्हणजे 'डुबुरी' हेही त्यांनी कुठून तरी शोधून ठेवलं होतं. छाती काढून ते म्हणाले, "माशीमा, एटा डुबुरी घोडी. आमि डुबुरी बंश."

त्यांना म्हणायचं होतं की हे पाणबुड्यांचं घड्याळ आहे आणि आमचं घराणं दर्यावर्दी आहे. माशीमांना कळलं ते असं, की हा माणूस पिढीजात डुबुरी आहे. आणि कलकत्त्यात डुबुरी म्हणजे शोभेचा शब्द नव्हे. नदीत, तळ्यात कुणी बुडालं, काही पडलं, की ज्याला बोलावणं धाडतात आणि जो तळाशी जाऊन ते वर काढतो, तो डुबुरी. माशीमांनी ही बातमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचवली.

तेव्हापासून काकांचा मान वाढला. मासळीवाला त्यांना पाहून पाटावर सरसावून बसायचा. चहाच्या टपरीवर माणसं बाकावर जागा करून देत. एक जण रोज हटकून विचारायचा, "दादा, कोतो मीटार?"

"एकशो मीटार," काका घड्याळ पुढे करून सांगत.

"बाप रे!" सगळी टपरी एका आवाजात म्हणे.

"बघ," काका मला म्हणायचे, "वस्तूची पारख लागते. आपल्या ऑफिसात एकाने तरी विचारलं का?" मलाही तोवर असंच वाटत होतं, की या गल्लीला घड्याळांचा फार नाद आहे. आठ महिने आम्ही दोघं सुशिक्षित माणसं त्या समजुतीत सुखाने राहिलो.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी माशीमांच्या हातून गोपाळ निसटला. तबकात ठेवता ठेवता घसरला, पायरीवर आपटला आणि पाण्यात गेला. गल्लीतल्या क्लबचे तीन पट्टीचे पोहणारे गडी लगेच उतरले. त्यांनी शुक्रवार आणि शनिवार पुकुराचा तळ पिंजून काढला. एक लोखंडी बादली निघाली, सायकलची चाकं निघाली, कुणाच्या तरी गॅसच्या शेगडीचा हरवलेला बर्नरसुद्धा निघाला. गोपाळ निघाला नाही.

माशीमा दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. रक्तदाबाची गोळी जेवणानंतरची, त्यामुळे तीही नाही. मुलाने बंगळूरहून व्हिडिओ कॉल केला आणि सांगितलं की अगदी तसाच गोपाळ ऑनलाइन मिळतो, मी मागवलाय, उद्या येईल. माशीमांनी फोन उलटा करून ठेवला. शनिवारी संध्याकाळी डॉक्टर येऊन गेला आणि जाताना दारात मला म्हणाला, या वयात हे आणखी एक दिवस चालणार नाही.

रविवारी सकाळी काका घड्याळ लावत बसले होते. शनिवारी त्याने विश्रांती घेतली होती. चावी बाहेर ओढून ते काटे जुळवत होते, आणि मी समोर चहा पीत होतो. जिन्यावर पावलं वाजली. माशीमा कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत वर आल्या होत्या. उंबऱ्यात टेकल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुमि तो डुबुरी. आमार गोपालके तुले दाओ."

माझ्या गोपाळला वर काढून दे. एवढं दोघांनाही कळलं.

काकांनी मला मराठीत विचारलं, "ती मला डुबुरी का म्हणतेय? घड्याळ डुबुरी आहे." मी फोनवर शब्द शोधला, अर्थ वाचला आणि त्यांना वाचून दाखवला. मग चहाची टपरी, मासळीवाला आणि 'कोतो मीटार' हे सगळं एकदम आमच्या डोक्यात शिरलं. काकांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

"म्हणजे या लोकांना वाटतंय की मी शंभर मीटर..."

"हो."

"तिला सांग मला सर्दी झालीय."

मी उठलो, उंबऱ्यापर्यंत गेलो. माशीमांनी मान वर करून पाहिलं. ओठ कोरडे पडले होते त्यांचे. मी तसाच परत आलो आणि काकांना म्हणालो, "तुम्हीच सांगा." माझ्या आयुष्यात मी त्यांना दिलेला हा एकमेव हुकूम.

काका उठले. मग कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी त्यांनी गॅलरीतून सोडून आणली.

घाटावर गल्ली जमली होती. डुबुरी उतरणार म्हणजे बघण्यासारखंच होतं. काका आले ते अर्धी चड्डी, बनियन आणि डोक्याला माकडटोपी अशा वेषात. दोरीचं एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं घाटाच्या खांबाला दोन वेढे देऊन माझ्या हातात. क्लबचे गडी एकमेकांकडे पाहायला लागले. काकांनी गंभीरपणे कडं फिरवून खूण मिनिटकाट्यासमोर आणली, खाली बसले आणि बसल्या बसल्याच, एकेक पायरी सरकत पाण्यात उतरू लागले.

"दादा, ओखाने तो हाँटु जोल!" एक गडी ओरडला. तिथे तर गुडघाभर पाणी! गर्दी हसली. काकांनी पाहिलंदेखील नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ते एकोणतीसचा पाढा म्हणत होते. एका पायरीवर बूड टेकायचं, दोन्ही पायांनी खालची पायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपायची, मग खाली सरकायचं. पोहता येणाऱ्या माणसाने असा शोध कधीच घेतला नसता. ते गडी पहिल्याच पायरीवरून सूर मारून मध्यावर गेले होते, कारण बुडालेली वस्तू खोल पाण्यात असते असं पोहणाऱ्यांना वाटतं. काकांना मात्र पायरी सोडायची हिंमतच नव्हती. म्हणून त्यांनी एकही पायरी सोडली नाही.

छातीएवढ्या पाण्यात ते उभे राहिले. मग गळ्याएवढ्या. पाढा थांबला.

"आहे," ते मला म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "सहाव्या पायरीचा कोपरा फुटलाय. त्या खबदाडीत गाळ आहे. अंगठ्याला पितळ लागतंय. पायाने निघत नाही."

"मग मी या गड्यांना सांगतो, तुम्ही वर या."

"पाय काढला तर गाळात आत जाईल." त्यांनी कमरेची गाठ चाचपली. "दोरी घट्ट आहे ना रे?"

"घट्ट आहे, काका."

त्यांनी उजव्या हाताने नाक धरलं, पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच डोकं पाण्याखाली घातलं आणि डावा हात खाली नेला. माकडटोपी तेवढी तरंगत वर आली. मी खरंच सांगतो, त्या माणसाची मी इतकी टिंगल केली होती, पण त्या क्षणी दोरीचा आणखी एक वेढा मी माझ्या मनगटाला घेतला. फार तर चार सेकंद झाले असतील. मग ते वर आले, खोकत, नाकातोंडातून पाणी काढत, आणि त्यांच्या डाव्या मुठीत गोपाळ होता.

घड्याळ बुडालं होतं. माशीमा आल्या तेव्हा ओढलेली चावी आत दाबायची राहून गेली होती. चावी ओढली की काटे थांबतात, म्हणजे काकांनी कडं लावलं तेही थांबलेल्या घड्याळावर. त्या घड्याळाच्या हिशोबाने काका पाण्यात उतरलेच नाहीत. काचेच्या आतून सगळं धुकं धरलं होतं. शंभर मीटरवाल्याने गळाभर पाण्यात प्राण सोडला. पुढे राधाबाजारात एका म्हाताऱ्या घड्याळजीने ते उघडून साफ केलं, आणि हे कुठे बुडवलंत म्हणून विचारलं, तेव्हा काकांनी "घरीच" असं उत्तर दिलं.

पण ते नंतर. त्या सकाळी काका माशीमांच्या स्वयंपाकघरात दोन ब्लँकेटं पांघरून पाटावर कुडकुडत बसले होते. गोपाळाची आंघोळ झाली, या वेळी नळाच्या पाण्याने. नैवेद्य झाला. माशीमांनी तीन ताटांत खिचुडी वाढली. दारात गल्ली उभी होती आणि माशीमा तिला अभिमानाने सांगत होत्या, बघा, आमचा डुबुरी! काका आता काय काय ऐकवतील, खापरपणजोबांपासून सुरुवात करतील की घड्याळापासून, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता.

काका म्हणाले, "आमि डुबुरी ना, माशीमा. आमि शाँतार जानि ना."

मला पोहता येत नाही. सगळ्या गल्लीसमोर, आपल्या मोडक्या बंगालीत, पण एकही शब्द न चुकता.

माशीमांचा घास हातातच राहिला. त्यांनी काकांच्या ओल्या केसांकडे पाहिलं, कमरेला अजून बांधलेल्या दोरीकडे पाहिलं. "ता होले नामले केनो?" मग उतरलास कशाला?

काका बंगाली शब्द शोधू लागले. शेवटी सरळ मराठीतच म्हणाले, "तुम्ही जेवत नव्हतात."

कुणी भाषांतर केलं नाही. माशीमांनी घास तोंडात घातला.